ताटातली मेथी

चाकणच्या महात्मा फुले मार्केट यार्डात पालेभाजीचा भाव शेकड्यावर बोलला जातो. शंभर जुड्यांना किती, एवढाच प्रश्न. मेथी, कोथिंबीर, शेपू, पालक यांचे ढीग पहाटेच्या दिव्यांखाली ओले चमकत असतात. मेथी मुळासकट उपटलेली असते आणि मुळांना काळी माती तशीच चिकटलेली असते. आवक कमी असेल त्या दिवशी शेतकरी मोकळेपणाने बोलतो. आवक वाढली की उपटणीची, बांधणीची मजुरी आणि टेम्पोचं भाडं वजा करून हातात काय राहतं, याचा हिशेब तो मनातल्या मनात करत उभा असतो. खेड तालुक्यातल्या गावांमध्ये कंपन्यांसाठी जमिनी गेल्या. ज्यांच्याकडे दहा-वीस गुंठे उरले, त्यांना मेथी परवडते. वाफ्यात बी फोकायचं, हलकं पाणी द्यायचं, की महिन्याच्या आत पीक बाजारात. कंपनीच्या भिंतीला लागून असलेले असे हिरवे वाफे म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या बाजूला अजून दिसतात. पलीकडे गाड्यांचे सुटे भाग तयार होतात, अलीकडे मेथी.

माझं औषधांचं दुकान भोसरीत आहे. काउंटरच्या मागे उभं राहून मी मेथीकडे वेगळ्या वाटेने आले. मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकता टाकता गिऱ्हाईक विचारतं, "मेथीच्या कॅप्सूल आहेत का हो?" कुणी सांगतं, रोज पहाटे मेथीचं पाणी घेतो, आता साखर बरी आहे. कुणी त्यापुढे जाऊन सांगतं, गोळी बंदच केली. विचारणारे बहुतेक कामगार असतात, किंवा त्यांच्या घरच्या बायका. २०२३ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. आमच्या दुकानात उभं राहिलं की हा आकडा मोठा वाटत नाही.

माझा भाचा म्हाळुंग्याला एका प्रेस शॉपमध्ये आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याची साखर वाढलेली निघाली. पस्तिशीही गाठलेली नाही, पोट सुटलेलं नाही, दिवसभर पायांवर उभं राहण्याचं काम. रिपोर्ट घेऊन दुकानात आला तेव्हा म्हणाला, "मावशी, मी कुठे जाडा आहे? मला कशी साखर?" आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, "खरं सांग, रोज सकाळी मेथीचं पाणी घेतलं तर गोळी टळेल का?"

त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं आहे. रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगकाठी बारीक आणि आत चरबी जास्त, ही आपल्या लोकांची ठेवण. भाच्याला मी हेच सांगितलं. आरशात दिसणाऱ्या शरीरावरून आपल्याला साखरेचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरा प्रश्न मेथीचा. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देणं मला पटत नाही, कारण मेथीत खरोखर गुण आहे. तो गुण कुठे आहे ते नीट पाहायला हवं.

काचेच्या पेल्यात चमचाभर दाणे रात्री भिजत घाला. पिवळट-तपकिरी, टणक, एका बाजूला तिरकी खाच असलेले हे दाणे सकाळी टपोरे होतात. एक दाणा बोटांत धरून टरफल सोला. आतल्या पिवळ्या डाळिंब्यांच्या भोवती एक अर्धपारदर्शक, दुधी काचेसारखा थर दिसेल. चोळला तर बुळबुळीत लागतो, बोटं दूर नेली तर तार धरतो. मेथीच्या औषधाचा मोठा भाग या थरात आहे. रसायनशास्त्रात त्याला गॅलॅक्टोमॅनन म्हणतात. मॅनोज नावाच्या साखरेची लांब साखळी आणि तिला बाजूने फुटलेले गॅलॅक्टोजचे फाटे, अशी त्याची रचना. गवारीच्या बियांच्या डिंकात साधारण दोन मॅनोजमागे एक फाटा असतो. मेथीत जवळजवळ प्रत्येक मॅनोजला एक. म्हणून मेथीचा डिंक पाणी भरपूर धरतो. आपल्या पोटातल्या पाचकरसांना ही साखळी तोडता येत नाही. जेवणात मिसळून ती आत गेली की सारं मिश्रण दाट होतं, जठरातून पुढे सावकाश सरकतं, आणि भाकरी-भातातली साखर रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते.

हे फक्त तर्काने म्हटलेलं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा यांनी १९८० च्या दशकात मेथीचे एकेक भाग वेगळे करून माणसांना खायला दिले आणि रक्तातली साखर मोजली. १९८६ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. सर्वांत जास्त परिणाम अख्ख्या मेथीच्या भुकटीचा, त्या खालोखाल वेगळा काढलेल्या डिंकाचा, मग तेल काढून घेतलेल्या मेथीचा, मग शिजवलेल्या दाण्यांचा. डिंक काढून टाकलेल्या दाण्यांचा परिणाम नगण्य. आणि शिजवलेल्या पाल्याचाही नगण्य. म्हणजे साखरेपुरतं बोलायचं तर चाकणच्या यार्डातली हिरवी जुडी आणि किराणा दुकानातला पिवळा दाणा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९९० मध्ये शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्शुलिनवर असलेल्या रुग्णांना तेल काढलेली मेथीची भुकटी दिली. रोज १०० ग्रॅम, निम्मी दुपारच्या आणि निम्मी रात्रीच्या जेवणात. दहा दिवसांत उपाशीपोटीची साखर उतरली आणि लघवीतून जाणारी साखर ५४ टक्क्यांनी घटली. पण १०० ग्रॅम मेथी म्हणजे औषधाची मात्रा राहत नाही, तो जेवणाचाच मोठा वाटा होतो. पुढे कमी मात्रेचे प्रयोग झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांवर तीन वर्षं चाललेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला रोज १० ग्रॅम मेथी जेवणाआधी दोन वेळा विभागून दिली होती. मेथी न घेणाऱ्या गटात मधुमेह होण्याची शक्यता ४.२ पट निघाली. माणसं थोडी होती, त्यामुळे या आकड्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. पण प्रत्येक प्रयोगात एक गोष्ट सारखी दिसते. परिणाम दिसला तिथे मेथी रोज घेतली गेली, ग्रॅमच्या हिशेबात घेतली गेली आणि जेवणाला धरून घेतली गेली.

पेल्यातले दाणे गाळून फक्त पाणी पिणाऱ्यांना मी म्हणूनच थांबवते. डिंकाचा बराचसा भाग दाण्यातच राहतो आणि दाणे तुळशीत टाकले जातात. कॅप्सूल मागणाऱ्यांना साधा गुणाकार करून दाखवते. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम मेथीची भुकटी असेल, तर १० ग्रॅम होण्यासाठी रोज वीस कॅप्सूल घ्याव्या लागतील.

डिंकाखेरीज दाण्यात आणखी बरंच आहे. ४-हायड्रॉक्सिआयसोल्यूसिन हे एक विरळा अमिनो आम्ल. फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, की स्वादुपिंडातल्या पेशींना ते इन्शुलिन सोडायला मदत करतं, आणि तेही साखर वाढलेली असेल तेव्हाच. मात्र दाण्यात त्याचं प्रमाण फार थोडं. ट्रायगोनेलिन हे दुसरं द्रव्य. १८८५ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते मेथीतूनच. कॉफीतही ते असतं. दाणा तापला की त्यातल्या काही भागाचं नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व होतं. आमटीच्या फोडणीत मेथी तांबूस होईस्तोवरच ठेवायची, काळी होऊ द्यायची नाही, हे घरोघरी शिकवलं जातं ते चवीसाठी. पण त्या तेलात तेवढ्या वेळात हा बदलही होत असतो. २०२४ मध्ये याच ट्रायगोनेलिनवर नवं काम प्रसिद्ध झालं. वयाबरोबर स्नायू झिजत गेलेल्या माणसांच्या रक्तात ते कमी आढळलं, आणि उंदरांना दिल्यावर त्यांच्या स्नायूंची ताकद टिकली. माणसांना त्याचा किती उपयोग, हे त्यातून अजून ठरलेलं नाही.

मेथीचा कडूपणा बराचसा सॅपोनिनांचा, आणि त्यांच्या गाभ्यात डायोसजेनिन असतं. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानकंदांमधल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं आणि संततिनियमनाच्या गोळीची वाट मोकळी झाली. ही गोष्ट अर्धी ऐकून काही जणी विचारतात, मेथी खाल्ली की हार्मोन वाढतात का? तो बदल प्रयोगशाळेतल्या भांड्यात होतो. आपल्या शरीराला डायोसजेनिनचं हार्मोन बनवता येत नाही.

आणि वास. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या घामाला, अगदी बाळाच्या लंगोटालाही जो गोडसर वास येतो, तो सोटोलोन नावाच्या रेणूचा. २००५ पासून न्यूयॉर्क शहरावर अधूनमधून मेपलच्या पाकासारखा वास पसरायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. २००९ मध्ये शोध लागला, की शेजारच्या न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया होत होती. डॉक्टरांच्या दृष्टीने या वासाला महत्त्व आहे. नवजात बाळांच्या एका दुर्मीळ चयापचय विकारात लघवीला नेमका हाच वास येतो. म्हणून बाळाला तपासायला नेलं आणि वासाचा विषय निघाला, तर आईने मेथी खाल्ल्याचं आधीच सांगितलेलं बरं.

औषध म्हणजे काय, हे पिंपरीला कुणी शिकवायला नको. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी इथे १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत त्यामागे होती. आम्ही अजून त्या भागाला एचए कॉलनीच म्हणतो. तिथे एम. जे. थिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. त्या जीवाचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. आपल्या पायाखालच्या मातीतून औषध निघालं, त्याची मात्रा ठरली, ते मोजून बाटलीत भरलं गेलं. या गोष्टीचा मला मनापासून अभिमान वाटतो. निसर्गातली वस्तू औषध कशी होते, त्याचं हे आमच्या घरचं उदाहरण.

मधुमेहाच्या गोळीची कहाणीही वनस्पतीपासूनच सुरू होते. गॅलेगा नावाचं जांभळट फुलांचं एक झुडूप युरोपात सतत लघवी लागण्यावर दिलं जाई. शेंगांच्या कुळातलं, म्हणजे मेथीचं लांबचं भावंड. त्यातल्या गॅलेजिनने साखर उतरायची, पण ते विषारी होतं. त्याच्या जवळच्या रेणूंचा शोध चालू राहिला. १९२२ मध्ये डब्लिनमध्ये मेटफॉर्मिन पहिल्यांदा तयार झालं आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या डॉ. जाँ स्टर्न यांनी रुग्णांवरचे त्याचे परिणाम मांडले. आज भाच्याच्या पिशवीत जी पांढरी गोळी जाते ती हीच. भोसरीत घ्या नाहीतर बोस्टनमध्ये, ५०० मिलिग्रॅम म्हणजे ५०० मिलिग्रॅम. रेणू सापडला आणि झुडूप मागे राहिलं.

मेथीचं असं झालं नाही, आणि त्यात तिचा कमीपणा नाही. तिच्यात जे जास्तीत जास्त काम करतं, ते एका गोळीत मावत नाही. ते चमच्यांनी लागतं, पाण्यात फुगावं लागतं, घासात मिसळावं लागतं. जेवणाशिवाय मेथीचा डिंक काही करू शकत नाही, कारण सावकाश करण्यासारखं पोटात काही नसतंच. मेथी म्हणून औषधांच्या कपाटात गेली नाही, ताटात राहिली, आणि तिचं औषधपणही ताटातच आहे.

आपल्या जुन्या स्वयंपाकात हे सहज साधलेलं होतं. मेतकुटात मेथी, लोणच्याच्या मसाल्यात मेथी, तुरीच्या आमटीला आणि कढीला मेथीची फोडणी, मोड आलेल्या मेथ्यांची उसळ. सोलापूर-मराठवाड्याकडून आलेले कामगार कोवळी मेथी चिरून कांदा, दाण्याचं कूट आणि कच्चं तेल घालून घोळाणा करतात आणि भाकरीबरोबर खातात. भावप्रकाशात मेथी, अळीव, कलौंजी आणि ओवा ही चार बीजं चतुर्बीज म्हणून एकत्र सांगितली आहेत.

भाच्याच्या जन्मानंतर आईने ताईसाठी लाडू केले, ते मी शेजारी बसून पाहिले होते. मेथी भरडसर दळून तिने तुपात मुरत ठेवली होती, कडूपणा उतरावा म्हणून. मग कणीक मंद आचेवर बदामी रंगावर भाजली. डिंक तळून फुलवला आणि वाटीच्या बुडाने चुरला. किसलेलं खोबरं, खारकेची पूड, गोडंबी, आणि शेवटी चिरलेला गूळ. गरम असतानाच लाडू वळायचे, तळवे लाल होईपर्यंत. रोज सकाळी एक लाडू, वर दूध. मेथीने अंगावरचं दूध वाढतं का, यावर प्रयोग झाले आहेत. काहींमध्ये वाढ दिसली, काहींमध्ये नाही. पण त्या लाडवात मेथीबरोबर तूप होतं, कणीक होती, गूळ होता, आणि ताईला कुणी पलंगावरून उठू देत नव्हतं. त्यातलं किती श्रेय मेथीचं, हे वेगळं काढता येणार नाही, आणि काढायची गरजही नाही.

साखर उतरवण्यात हिरवा पाला मागे पडला, म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. त्याचं काम दुसरीकडे आहे. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. गरोदरपणात त्या काय खातात आणि बाळ केवढं जन्मतं, याच्या बारीक नोंदी ठेवल्या. २००१ मध्ये निष्कर्ष आला. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मतः मोठी होती. पोट किती भरलं यापेक्षा पालेभाजी, फळ, दूध ताटात किती वेळा आलं, यावर बाळाची वाढ जास्त अवलंबून दिसली. भाजी मेथीची असो की चाकवताची, ती आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांच्या ताटातली होती. आणि याच अभ्यासातून कळलं, की आपली बाळं जन्मतःच स्नायूंनी कमी आणि त्या मानाने चरबीने भरलेली असतात. भाच्याच्या पहिल्या प्रश्नाची मुळं अशी फार मागे, आईच्या ताटापर्यंत जातात.

म्हणून मी त्याला सांगितलं, की गोळी डॉक्टरांनी सांगितली तशीच घ्यायची. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. मेथी खायची ती जेवणात. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी इन्शुलिन वाढवणारी गोळी आहे किंवा जे इन्शुलिन घेतात, त्यांनी मेथीची मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. वरून मेथी आणि एखादं जेवण चुकलेलं, अशाने साखर एकदम खाली येऊ शकते. रात्रपाळीत प्रेस मशीनसमोर उभ्या माणसाला भोवळ येणं म्हणजे हातावरच बेतणं. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांनीही विचारावं. गरोदर बाईने भाजी खुशाल खावी, मात्र दाण्यांची भुकटी चमचे चमचे घेऊ नये. शेंगदाणे किंवा हरभरा ज्यांच्या अंगावर उठतो, त्यांना मेथीही सोसत नाही असं होऊ शकतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याचं जेवण कसं असतं ते सांगितलं. आठवड्याला पाळी बदलते. नाईटला कॅन्टीनमध्ये भात आणि पातळ डाळ, पहाटे वडापाव किंवा चहा-बिस्किट. खोलीवर येऊन झोप, दुपारी मेसचा डबा, त्यात बटाटा. इतक्या घाईत गिळलेल्या पांढऱ्या भाताला सावकाश करणारं त्या ताटात काहीच नव्हतं. बरोबरची पोरं असंच जेवतात, बीडची, बुलढाण्याची, बिहारची. मेथीचं पाणी पिऊन त्यांना जे परत मिळवायचं आहे, ते खरं तर त्यांचं जेवण आहे.

कारखाने कायदा १९४८ चा, २०२५ पर्यंत लागू असलेला. त्याच्या ४६ व्या कलमानुसार २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीन चालवणं बंधनकारक करता येत होतं, आणि त्या कॅन्टीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत अशीही तरतूद होती. म्हणजे रात्रपाळीच्या ताटात काय पडावं, यावर बोलायची जागा कायद्यानेच ठेवलेली होती. मूठभर मेथ्यांची भुकटी कणकेत मिसळायला कंत्राटदाराला फारसा खर्च नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी, भाताच्या जोडीला उसळ, पहाटे वड्याऐवजी थालीपीठ. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात हे अवघड नाही, कारण भाजी पिकवणारे शेतकरी कंपन्यांच्या भिंतीला भिंत लावून आहेत. इतक्या माणसांच्या रक्तातली साखर रोज थोडी सावकाश चढली, तर माझ्या काउंटरवर गोळ्यांची पट्टी मागायला येणारा एखादा माणूस पाच वर्षं उशिरा येईल. ते गिऱ्हाईक गेलं तर मला आनंदच आहे.

"तुमच्याकडे कॅन्टीन कमिटी आहे का?" मी विचारलं.

"आहे. पण कोणी जात नाही."

"मग तू जा. पहिल्या मीटिंगला नाईटच्या जेवणाचा विषय काढ. कणकेत किती मेथी घालायची, ते मी तुला लिहून देते."